वटाव कोण भरतो?

पाडव्याला मराठवाड्यात नवे पंचांग उघडते आणि नवे साल ठरते. पंचांग सगळ्या गावाचे असते, साल सालगड्याचे. परभणी–जिंतूर रस्त्यावरच्या झरीत काय किंवा आसपासच्या कुठल्याही गावात काय, गुढीला साखरेच्या गाठी बांधून झाल्या, कडुलिंबाचा पाला गुळाबरोबर चावून तोंडे वाकडी करून झाली, की मालक आणि गडी पारावर समोरासमोर बसतात. मध्ये एखादा जाणता माणूस असतो. बोली सुरू होते. अलीकडे ती लाखाच्या पुढेच सुरू होते आणि तरीही गडी मिळत नाही, ही मालकांची दरवर्षीची तक्रार असते. पण आकडा ठरला म्हणजे साल ठरले असे नाही. ज्वारी किती, गहू किती, डाळ द्यायची की नाही, कपडे कितीचे, वहाणा कधी, उचल आज किती आणि पेरणीला किती, दुखणेबाणे आले तर खाडा धरायचा का, पोरीचे लग्न निघाले तर मालक किती हात देणार, हे सगळे बोलून घ्यावे लागते. कागद क्वचितच होतो. चहा होतो, पान होते आणि वर्ष बांधले जाते.

या व्यवहाराचे गोडवे गाण्याचे कारण नाही. उचलीच्या दोरीने पिढ्यान्‌पिढ्या बांधून ठेवलेली माणसे याच मातीत होती आणि 1976 साली वेठबिगारीविरुद्ध कायदा करावा लागला तो उगाच नाही. सालगड्याच्या दिवसाला घड्याळ नसते. रात्री वीज आली की पाणी द्यायला त्यालाच उठायचे असते. तरीही एक गोष्ट मान्य करावी लागेल. माणूस नुसत्या रोकड्यावर जगत नाही, तो ज्वारीवर, कपड्यावर, औषधपाण्यावर आणि लेकीच्या लग्नावर जगतो, हे या बिनकागदी करारात धरलेले असते. शहरातल्या कंपन्या ज्याला ‘पॅकेज’ म्हणतात, ते या पारावर फार पूर्वीपासून आहे. फक्त त्यात ज्वारीचे पोते दिसते.

त्याच पारावर, त्याच दिवशी, दुसरेही एक बोलणे चालू असते. पाडव्याला पोरे गावाकडे आलेली असतात. कुणी पुण्याकडच्या चाकणहून, कुणी रांजणगावहून, कुणी छत्रपती संभाजीनगरजवळच्या वाळूजहून. मोटारसायकली नव्या, केस कापण्याची तऱ्हा नवी. म्हातारी माणसे त्यांना एकच प्रश्न विचारतात: “हातात कितीक पडतेत?” पगार किती, असे कुणी विचारत नाही. भविष्यनिर्वाह निधी कापून, विमा कापून, कंत्राटदाराचे जे काय असेल ते कापून उरते तेवढाच पगार, हे गावाला पक्के ठाऊक आहे. पण हातात पडल्यानंतर हातातून किती जाते, हा पुढचा प्रश्न सहसा राहून जातो. पोरेही तो विषय काढत नाहीत. सणाच्या दिवशी कशाला?

यंदा आमच्यापुढे तो प्रश्न निघाला. आयटीआय केलेला एक तरुण होता. दोन ठिकाणांहून बोलावणे होते. वाळूजला हातात 15 हजार पडणार, चाकणला 19. चार हजार म्हणजे काही थोडके नव्हेत. वर्षाचे 48 हजार होतात, आणि एवढ्यात त्याच्या बापाच्या दोन-अडीच एकरांचा बी-बियाणे, खत, फवारणीचा खर्च निघतो. सगळ्यांचा कौल चाकणला होता. पोरगा मात्र शांतपणे एका लग्नपत्रिकेच्या पाठीवर आकडे मांडत बसला होता. आम्ही तो कागद पाहिला. वाळूजला चौघांत खोली, वाट्याला 1,800. मेस 3,000. येणेजाणे 1,000, मोबाइल, साबण, दाढी असे किरकोळ 800, आणि महिन्याला एकदा गावाकडे यायचे म्हणून 600. झाले 7,200. उरले 7,800. चाकणला कॉटबेसिसवर 3,000. मेस 3,600. येणेजाणे 1,200, किरकोळ 900, आणि गावाकडे यायचे 1,300, तेही दर महिन्याला नव्हे, सणावाराला ट्रॅव्हल्सचे भाडे दुप्पट होते ते बारा महिन्यांवर वाटून. झाले 10,000. उरले 9,000.

चार हजारांचा फरक बाराशेवर आला. मधले 2,800 कुठे गेले?

हा आकडा एका पोराचा, एका कागदावरचा. दुसऱ्याचा वेगळा येईल. ज्याला कंपनीची बस आणि कँटीन आहे त्याचे पारडे चाकणकडे झुकेल, ज्याला ओव्हरटाइम मिळतो त्याचे आणखी झुकेल. ज्याची आई आजारी आहे त्याला रेल्वेने तीन-चार तासांवरचे छत्रपती संभाजीनगर जवळचे वाटेल आणि साडेतीनशे किलोमीटरांवरचे पुणे दूरचे. पण हरवलेल्या 2,800 रुपयांचा प्रश्न सगळ्यांचा आहे, आणि तो या भागाला नवा नाही.

17 सप्टेंबर 1948 पर्यंत परभणी निजामाच्या राज्यात होती. इथे चालायचा तो हाली रुपया. शेजारच्या सोलापूर-नगरकडे, इंग्रजी मुलुखात, चालायचा तो कलदार. सात हाली म्हणजे सहा कलदार, असा साधारण भाव. मुंबईच्या गिरणीत किंवा सोलापुरात मजुरी करून आलेला माणूस कलदार घेऊन यायचा आणि सराफाकडे बसून त्याचे हाली करायचा. सराफ मध्ये आपला वटाव कापून घ्यायचा. त्या काळच्या अडाणी म्हणवल्या गेलेल्या माणसालाही इतके कळत होते की इथला रुपया आणि तिथला रुपया एक नव्हे. तिथले बारा म्हणजे इथले चौदा, आणि मधल्या खटाटोपात काही तरी झडणार. 1950 च्या दशकात हाली शिक्का व्यवहारातून गेला. आता झरीत आणि चाकणला एकच रुपया चालतो, एकाच रंगाची नोट, एकच क्यूआर कोड. नाणे एक झाले म्हणून वटाव संपला, असा आपला समज झाला. तो संपलेला नाही. तो खोलीच्या भाड्यात, मेसच्या ताटात आणि ट्रॅव्हल्सच्या तिकिटात जाऊन बसला आहे. आणि सराफाच्या पेढीवर निदान भाव लिहिलेला असायचा.

सरकारला हा वटाव माहीत नाही असे कुणी म्हणू नये. स्वतःच्या नोकरांपुरता तो सरकार चोख मोजते. सातव्या वेतन आयोगानंतर केंद्राने शहरांचे तीन वर्ग ठेवले: पन्नास लाखांवर लोकसंख्येची, पाच ते पन्नास लाखांची, आणि उरलेली. पुणे पहिल्या वर्गात, संभाजीनगर आणि नांदेड दुसऱ्या, परभणी आणि झरी तिसऱ्या. घरभाडे भत्ता मूळ वेतनाच्या 24, 16 आणि 8 टक्के होता; महागाई भत्ता पन्नास टक्क्यांवर गेल्यावर तो 30, 20 आणि 10 झाला. म्हणजे 30 हजार मूळ वेतन असलेल्या केंद्रीय कर्मचाऱ्याला पुण्यात 9,000, संभाजीनगरला 6,000 आणि परभणीत 3,000. पुण्याचा आणि परभणीचा वटाव सहा हजार रुपये, असे सरकारने लिहूनच दिले आहे.

या हिशेबातली मेख अशी की सरकारच्या लेखी शहराशहरांत फरक असतो तो मुख्यतः भाड्याचा. महागाई भत्ता सगळ्यांना सारखाच. तो ठरतो औद्योगिक कामगारांच्या ग्राहक किंमत निर्देशांकावरून. देशातल्या 88 केंद्रांवरून भाव गोळा होतात, त्यांची सरासरी काढली जाते, 2016 साल शंभर धरलेले असते. हा निर्देशांक वाचताना चांगले शिकलेले लोकही फसतात. पुण्याचा आकडा सोलापूरपेक्षा मोठा दिसला म्हणजे पुणे सोलापूरपेक्षा महाग, असा त्याचा अर्थच नाही. पुणे 2016 च्या पुण्यापेक्षा किती महागले, एवढेच तो सांगतो. आपण कालच्या आपल्यापेक्षा किती जाड झालो ते सांगणारा हा काटा आहे. शेजाऱ्यापेक्षा जाड की बारीक, ते तो सांगत नाही. आणि झरीच्या पोराला पाहिजे असते ती नेमकी शेजाऱ्याशी तुलना.

शिवाय, लहान गाव म्हणजे सगळेच स्वस्त, हीही एक भोळी समजूत आहे. पेट्रोल घ्या. देशातले सर्वांत महाग पेट्रोल कुठे, या बातमीत परभणीचे नाव इतक्यांदा आले आहे की आता आम्हाला त्याचा एक विचित्र अभिमानच वाटू लागला आहे. 2018 साली लिटरमागे नव्वदी ओलांडल्याची बातमी देशभर गाजली ती परभणीचीच. कारण साधे: टँकर मनमाडजवळच्या पानेवाडीच्या डेपोतून तीनशे किलोमीटरच्या आसपास मजल मारून येतात, आणि ते भाडे आपल्या टाकीत पडते. मोबाइलचे रिचार्ज दोन्हीकडे एकाच भावाचे. सिमेंट, औषधे, शाळेची वही यांतही फारसा फरक नाही. उलट दुखणे मोठे निघाले की गाडी करून परभणी, तिथून नांदेड किंवा संभाजीनगर. गाडीभाड्यातच डॉक्टरची फी दोनदा निघते. गावात स्वस्त असते ते छप्पर, पाणी, घरचे दूधदुभते आणि शेतातले धान्य. तेही ज्याला घर आणि शेत आहे त्याला. भूमिहीनाला झरीतही किराणा दुकानातूनच आणावा लागतो, आणि पावकिलोने घेतलेली डाळ किलोने घेतलेल्या डाळीपेक्षा नेहमी महाग पडते.

गावात राहून त्या पोराने काय मिळवले असते? वि. स. पागे यांच्या रोजगार हमी योजनेचा गौरव आपण करतो. 1972 च्या दुष्काळात तिने हा मराठवाडा तगवला आणि 1977 साली महाराष्ट्राने तिचा कायदा केला. तीच कल्पना पुढे देशाने उचलली. 2025-26 साठी महाराष्ट्रात हमीच्या कामाची मजुरी दिवसाला 312 रुपये होती. महिन्यात 26 दिवस काम मिळाले असते तर 8,112 रुपये झाले असते, म्हणजे वाळूजच्या शिलकीपेक्षा तीनशे जास्तच, आणि भाकर घरची. पण केंद्राच्या कायद्याने वर्षाला हमी होती घरामागे शंभर दिवसांची. उरलेल्या दिवसांची हमी आभाळावर, आणि 2025 च्या सप्टेंबरात अतिवृष्टीने सोयाबीन पाण्यात उभे होते तेव्हा आभाळाची हमी कशी असते ते पुन्हा एकदा दिसले. सोयाबीनचा त्या हंगामाचा हमीभाव क्विंटलला 5,328 रुपये होता. भिजून काळ्या पडलेल्या दाण्याला तो भाव कोण देणार?

म्हणून पोरे जातात. आणि जाताना पोते नेतात.

या पोत्याकडे जरा जवळून पाहिले पाहिजे. परभणीच्या बसस्थानकासमोर, ट्रॅव्हल्सच्या थांब्यांवर, पाडव्यानंतरच्या दोन-तीन रात्री उभे राहावे. प्रत्येक पोराच्या पायाशी एक पोते किंवा खताची रिकामी गोणी धुऊन शिवलेली पिशवी असते. आत काय असते? पंधरा-वीस किलो ज्वारी, नाहीतर दळूनच दिलेले पीठ. घरच्या जात्यावर किंवा गिरणीत भरडलेली तुरीची डाळ. लाल तिखट. कारळाची आणि शेंगदाण्याची चटणी. येसराच्या मसाल्याचा डबा, झाकणाला दोऱ्याचे चार वेढे, कारण तो सांडला तर सगळी गाडी शिंकेल. नुकत्याच वाळवलेल्या कुरडया, मोडू नयेत म्हणून वर ठेवलेल्या. वर्तमानपत्रात गुंडाळलेले धपाटे, ते पहिल्या दोन दिवसांसाठी. हे सगळे बाजारभावाने मोजले तर दोन-अडीच हजार रुपये सहज होतात. आईने पापड-कुरडयांसाठी घातलेले आठ दिवस त्यात धरलेले नाहीत. ते कधीच धरले जात नाहीत.

महिन्याला हरवलेले 2,800 रुपये आणि दर दोन-तीन महिन्यांच्या पोत्यातले दोन-अडीच हजार शेजारी ठेवून बघावेत. वटावातला एक भाग कोण भरतो, त्याचे उत्तर या दोन आकड्यांत आहे. चाकणचा 19 हजारांचा पगार एकट्याने चाकणमध्ये कुटुंबाला पुरत नाही. तो पुरतो, कारण त्याला झरीतून दर दोन-तीन महिन्यांनी ठिगळ लागते. लग्न होऊन बिऱ्हाड थाटले की बायकोचे पहिले बाळंतपण गावाकडे होते, पोरगे आजारी पडले की आजी पुण्याला जाऊन महिनाभर राहते, काम सुटले की दोन महिने गावच्या घरी काढता येतात. कारखान्याला एवढ्या पगारात माणूस मिळतो, तो या सगळ्या आधारावर. ज्याला गाव नाही, शेत नाही, पोते देणारी आई नाही, त्याला तेवढ्याच पगारात त्याच शहरात कसे जगावे लागते ते भोसरी-मोशीच्या खोल्यांत जाऊन बघता येईल. आमचे म्हणणे एवढेच आहे: ज्याला आपण पुण्याचा पगार म्हणतो त्यातला एक भाग झरी देते, आणि त्याची पावती कुणी फाडत नाही.

उलटही खरे आहे. पेरणीच्या तोंडावर चाकणहून फोनवर आलेले पाच हजार नसते तर कितीतरी जमिनी पडीक राहिल्या असत्या, किंवा सावकाराकडे गेल्या असत्या. घर एकच आहे. त्याचे एक दार झरीत उघडते आणि दुसरे चाकणमध्ये. अशा घराच्या दोन दारांची तुलना करून कुठले दार फायद्याचे, असे विचारण्यात काय हशील? त्या घराची जमाखर्चाची वही एकच असते. ती वही मात्र कुठल्याच सरकारी टेबलावर उघडली जात नाही.

का उघडली जात नाही, याचे उत्तर 1957 साली सापडते. त्या वर्षी पंधराव्या भारतीय श्रम परिषदेने किमान वेतन कसे काढायचे याचे सूत्र घालून दिले. आहारशास्त्रज्ञ डॉ. वॉलेस आयक्रॉइड यांच्या हिशेबाप्रमाणे माणशी दिवसाला 2,700 कॅलरी, कुटुंबाला वर्षाचे 72 वार कापड, घरभाडे, आणि इंधन, दिवाबत्ती व किरकोळ यांसाठी एकूण वेतनाच्या वीस टक्के. सर्वोच्च न्यायालयाने 1991 च्या एका निकालात त्यात मुलांचे शिक्षण, औषधपाणी, सणवार, म्हातारपण आणि लग्नकार्य यांसाठी आणखी पंचवीस टक्क्यांची भर घातली. पाडव्याच्या पारावर गडी पोरीच्या लग्नाचे बोलून घेतो, ते देशाच्या सर्वोच्च न्यायालयाला त्या वर्षी पटले, असे म्हणायला हरकत नाही. सातव्या वेतन आयोगाने 18 हजारांचे किमान वेतन ठरवले ते याच पायावर.

सूत्र माणुसकीचे आहे, यात शंका नाही. पण त्यातले कुटुंब मोजून पाहा. कमावता एक माणूस, त्याची बायको 0.8, दोन मुले प्रत्येकी 0.6. बेरीज तीन. संपले. झरीत राहिलेले आई-बाप या तिनात कुठेच बसत नाहीत. गंमत अशी की 2007 च्या कायद्याने आई-वडिलांचा सांभाळ हे मुलांचे कायदेशीर कर्तव्य आहे; न सांभाळणाऱ्याविरुद्ध दाद मागता येते. म्हणजे एक कायदा सांगतो की सांभाळा, आणि वेतनाचे सूत्र सांगते की त्यासाठी आम्ही काही धरलेले नाही. कामगार राज्य विम्यात अवलंबून असलेले आई-वडील निदान कुटुंबात धरले जातात. पण त्या विम्याची मर्यादा 2017 पासून महिना 21 हजारांवर थांबली आहे. पगार दोनशे रुपयांनी वाढून मर्यादा ओलांडली की विमा जातो, अशी ती बढती. आणि विमा असला तरी त्याचा दवाखाना पोराच्या कामाच्या गावी, म्हातारी झरीत.

केंद्राचा आठवा वेतन आयोग न्या. रंजना प्रकाश देसाई यांच्या अध्यक्षतेखाली नेमला गेला आहे. कर्मचारी संघटनांनी या वेळी कुटुंबाच्या व्याख्येत आई-वडील धरावेत अशी मागणी लावून धरली आहे. सरकारी नोकरांच्या सगळ्या मागण्या आम्हाला पटतात असे नाही. पण ही पटते. आणि ती मान्य झाली तर तिचा लाभ सरकारी कचेरीपाशी थांबू नये. चाकण-वाळूजच्या कंत्राटी पोराचे किमान वेतन ज्या सूत्राने निघते तेही याच तिनाच्या बेरजेवर उभे आहे. बेरीज पाचाची झाली तर झरीतून जाणाऱ्या पोत्याला पहिल्यांदा सरकारी कागदावर जागा मिळेल.

सुशिक्षितांनी हे सगळे कमी शिकलेल्या पोरांचे दुखणे समजू नये. परभणीतून इंजिनीअर होऊन अमेरिकेत गेलेल्या एका ओळखीच्या मुलाचा मध्यंतरी फोन आला होता. त्याला ऑस्टिन आणि कोलंबस यांत निवड करायची होती. त्याचा हिशेब लग्नपत्रिकेच्या पाठीवरचा नव्हता. तिकडे सरकारचा एक विभाग दरवर्षी राज्या-राज्यांचे आणि शहरा-शहरांचे भाव ताडून आकडा काढतो. देशाची सरासरी शंभर, तुमचे शहर वर की खाली ते दिसते. टेक्ससमध्ये राज्याचा आयकर नाही पण घरपट्टी जबर, ओहायोत कर आहे पण घरे स्वस्त, हे तो तोंडपाठ सांगत होता. ऐकून हेवा वाटला. आपल्याकडे वाळूज आणि चाकण अशी ताडून दाखवायला कुणी बसेल तर किती पोरांचे कष्ट वाचतील! पण बोलता बोलता तो म्हणाला, बाळ लहान आहे, पाळणाघर परवडत नाही, म्हणून आई सहा महिन्यांसाठी येते आहे. ती परतली की सासूबाई येतील. आईच्या दोन बॅगा, प्रत्येकी 23 किलो, काट्यावर दोनदा चढवून उतरवल्या होत्या. एकीत काय होते, ते विचारायची गरज नव्हती. येसर विमानातही सांडत नाही, फक्त दोरा घट्ट पाहिजे.

एका गोष्टीला मात्र या सगळ्या हिशेबात घर नाही. पुण्यात असलेल्या पोराला मुलगी मिळते. झरीत चार एकर बागायत असलेल्याला मिळत नाही. “मुलगा पुण्यात असतो” या तीन शब्दांची किंमत कुठल्याच निर्देशांकात बसत नाही, आणि पारावर कौल देणाऱ्यांपैकी निम्म्यांच्या मनात तीच असते. त्यांना हसण्यात अर्थ नाही. मुलींच्या बापांनीही आपला हिशेब घातलेला आहे: रात्री अडीचला मोटार चालू करायला जाणारा जावई नको, आठ तासांची का होईना पाळी असलेला बरा. मुलींचा स्वतःचा हिशेब त्याहून साधा आहे. पाण्याचा नळ घरात असावा.

पत्रिकेच्या पाठीवर आकडे मांडणाऱ्या पोराने शेवटी चाकण घेतले. बाराशे रुपयांसाठी नव्हे, आणि बहुधा लग्नासाठीही नव्हे. त्याच्या चुलतभावाच्या खोलीत एक कॉट रिकामी झाली होती, आणि महिना संपायच्या आत दुसरा कुणी ती धरील अशी भीती होती. चौथ्या दिवशी रात्री आम्ही त्याला परभणीच्या थांब्यावर पाहिले. क्लीनर पोत्याचे वेगळे शंभर मागत होता. पोराने घासाघीस करून सत्तर दिले, पोते डिकीत आडवे टाकले, आणि वर कुरडयांची पिशवी ठेवायला जागा आहे का, ते वाकून बघत राहिला.